वेबपेजची पीडीएफ: प्रिंटचं बटण दाबण्याआधी काय काय करायचं

ऑनलाइन अर्ज भरून झाला, फी भरली, की शेवटच्या पानावर एक ओळ हमखास असते: ‘या पावतीची प्रिंट काढून जपून ठेवा.’ घरात प्रिंटर नसतो. असला तर त्याची शाई वाळलेली असते. मग मोबाइलवर स्क्रीनशॉट काढला जातो आणि तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला जातो. सहा महिन्यांनी कॉलेजच्या ऑफिसात पावती क्रमांक मागितला, की लग्नाच्या फोटोंच्या ढिगाऱ्यात तो शोधत बसायचं. याची काही गरज नाही. कागदाऐवजी फाइलवर छापणारा प्रिंटर तुमच्या संगणकात आधीपासून बसलेला आहे. त्याला व्हर्च्युअल प्रिंटर म्हणतात.

तो वापरणं सोपं आहे, इतकं की बहुतेक जण कंट्रोल आणि पी दाबून, नाव देऊन मोकळे होतात. फाइल तयार होते, पण ती उघडून पाहिली तर उजवीकडचा रकाना कापलेला, फोटोंच्या जागी करडे चौकोन, प्रत्येक पानावर मजकुराच्या अंगावर आडवी पडलेली जाहिरातीची पट्टी. दोष प्रिंटरचा नसतो. चांगली पीडीएफ बनते ती प्रिंटची खिडकी उघडण्याआधी पानाची जी मशागत केली असेल तिच्यामुळे. म्हणून या लेखात जास्त भर त्या तयारीवर आहे.

हा प्रिंटर नेमकं काय करतो

तुम्ही प्रिंट म्हणता तेव्हा प्रोग्रॅम आपला मजकूर विंडोजच्या छपाई यंत्रणेकडे सोपवतो. तिथून तो ड्रायव्हरकडे जातो, ड्रायव्हर त्याचं प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो आणि पोर्टमधून, म्हणजे केबलवरून किंवा नेटवर्कवरून, पुढे ढकलतो. व्हर्च्युअल प्रिंटरमध्ये सगळी साखळी हीच, फक्त शेवटी यंत्राऐवजी फाइल असते. छापायला सांगणाऱ्या प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसतो. त्यामुळे ज्या ज्या प्रोग्रॅममध्ये प्रिंटची सोय आहे त्या प्रत्येकातून पीडीएफ काढता येते. दुकानाच्या बिलाचं जुनं सॉफ्टवेअर असो की एखाद्या मशीनचा रिपोर्ट, सगळं चालतं.

पीडीएफ हा प्रकार ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला; २००८ मध्ये तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक झाला. मॅकवर पीडीएफ करून ठेवण्याची सोय मॅक ओएस टेनच्या सुरुवातीच्या काळापासून प्रिंटच्या खिडकीतच आहे. विंडोजवाल्यांना मात्र बरीच वर्षं वाट पाहावी लागली. विंडोज व्हिस्टा या आवृत्तीसोबत मायक्रोसॉफ्टने एक व्हर्च्युअल प्रिंटर दिला खरा, पण तो एक्सपीएस नावाच्या वेगळ्याच प्रकारची फाइल बनवायचा आणि ती समोरच्याकडे उघडेल याची खात्री नसायची. त्यामुळे क्यूटपीडीएफ, पीडीएफक्रिएटर, डूपीडीएफ अशी नावं सायबर कॅफेतल्या प्रत्येक संगणकावर दिसायची. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि त्यात ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ आयता मिळाला. आता वेबपेजसाठी वेगळं काही इन्स्टॉल करायची गरज उरलेली नाही. एखादा फुकटचा प्रिंटर टाकायचाच झाला तर तो मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि इन्स्टॉल होताना प्रत्येक खिडकीतली टिकमार्कची खूण वाचा. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलं की सोबत नको ते टूलबार घरात शिरतात.

यादीत दोन सारखी नावं दिसतात, त्यांतलं कुठलं?

क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल+पी दाबलं की वरच्या बाजूला प्रिंटर निवडायची यादी असते. तिच्यात ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ असतं आणि ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ही असतं. दोन्हींतून पीडीएफच निघते, म्हणून लोक हाताला येईल ते निवडतात. फरक मात्र मोठा आहे.

‘सेव्ह ॲज पीडीएफ’ हा खरं तर प्रिंटर नाहीच. ब्राउझर स्वतःच पीडीएफ बनवतो. पानावर लिंक कुठे आहे, कुठला मजकूर कुठल्या अक्षरांचा आहे, हे त्याला माहीत असतं आणि ती माहिती तो फाइलमध्ये उतरवतो. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ला हे काही कळत नाही. त्याच्या लेखी तो कागद छापतोय, आणि कागदावरच्या लिंकवर कोणी क्लिक करत नाही. त्यामुळे निळी अधोरेखित अक्षरं दिसतात, पण ती दाबून काही उघडत नाही. मराठी मजकुराची कॉपी आणि शोध यांतही बहुधा हाच मागे पडतो, त्याबद्दल पुढे.

माझा सरळ नियम असा: वेबपेजसाठी ब्राउझरचं ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ (फायरफॉक्समध्ये ‘सेव्ह टू पीडीएफ’), आणि ज्या प्रोग्रॅममध्ये पीडीएफची स्वतःची सोयच नाही तिथे व्हर्च्युअल प्रिंटर. वेबपेजसाठीही व्हर्च्युअल प्रिंटर उपयोगी पडतो ते दोन प्रसंगी. ब्राउझरच्या पीडीएफमध्ये एखादा भाग विचित्र उमटत असेल तर दुसरा मार्ग म्हणून तो आजमावून पाहावा. आणि काही संकेतस्थळं, विशेषतः ऑफिसांतल्या अंतर्गत प्रणाली, छपाईसाठी स्वतःची वेगळी खिडकी उघडतात आणि तिथे फक्त विंडोजचे प्रिंटर दिसतात, तेव्हा त्याच्याशिवाय इलाज नसतो. क्रोममध्ये विंडोजची ही जुनी खिडकी थेट हवी असेल तर कंट्रोल+शिफ्ट+पी.

यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ दिसतच नसेल तर तो बंद केलेला असतो. स्टार्टमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ असं शोधा, येणाऱ्या यादीत त्याच्यापुढे टिक करा, ओके म्हणा. आणि कधी प्रिंट दिली पण काहीच घडलं नाही असं वाटलं, तर आधी उघड्या खिडक्या बाजूला करून पाहा. नाव विचारणारी छोटी खिडकी मागे लपून बसलेली असते आणि आपण इकडे पुन्हा पुन्हा प्रिंट दाबत राहतो.

लिनक्सवर ब्राउझरमध्ये आणि इतर बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘प्रिंट टू फाइल’ असतंच. तरीही स्वतंत्र प्रिंटर हवा असेल तर कप्स-पीडीएफ नावाचं पॅकेज आहे; उबुंटूवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) त्याच्या फाइली होम फोल्डरमधल्या पीडीएफ नावाच्या फोल्डरात जाऊन पडतात, आणि हे ठाऊक नसलेला माणूस त्या सगळीकडे शोधत फिरतो.

पानाची मशागत

आता मुख्य काम. समजा एक लांबलचक लेख आहे, मध्ये आठ-दहा फोटो, एक तक्ता, खाली प्रतिक्रिया, कडेला जाहिराती.

पहिलं म्हणजे पान शेवटपर्यंत खाली न्या. सावकाश. हल्लीची बरीच पानं फोटो तेव्हाच आणतात जेव्हा वाचक त्या जागी पोचतो. डेटा वाचतो आणि पान चटकन उघडतं म्हणून तशी रचना केलेली असते. तुम्ही वरूनच प्रिंट दिली तर खालचे फोटो आलेलेच नसतात आणि पीडीएफमध्ये रिकामे चौकोन उमटतात. एकदा तळापर्यंत जाऊन, फोटो दिसल्याची खात्री करून, मग वर या.

दुसरं, जे झाकलेलं आहे ते उघडा. ‘आणखी वाचा’, ‘सर्व प्रतिक्रिया पाहा’, प्रश्नोत्तरांच्या पानावरची एकावर एक मिटलेली उत्तरं, हे सगळं क्लिक करून उलगडा. पडद्यावर जे मिटलेलं आहे ते छापतानाही मिटलेलंच राहतं. टॅब असतील, उदाहरणार्थ ‘पात्रता’, ‘कागदपत्रे’, ‘शुल्क’, तर प्रत्येक टॅब उघडून त्याची वेगळी पीडीएफ करावी लागते. शिष्यवृत्तीच्या माहितीपानांवर लोक नेमके इथेच फसतात: ‘पात्रता’ छापून आणतात आणि ‘कागदपत्रे’ घरी राहतात.

तिसरं, कुकीजची पट्टी, ‘नोटिफिकेशन सुरू करा’ अशी चौकट, कोपऱ्यातला गप्पांचा गोल, जे बंद करता येईल ते फुलीवर क्लिक करून बंद करा.

एवढं करूनही एक शत्रू उरतो, तो म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला चिकटून राहणारी पट्टी. तुम्ही कितीही खाली जा, संकेतस्थळाचं नाव आणि मेन्यू तिथेच. छापताना ब्राउझर अशी चिकटलेली वस्तू प्रत्येक पानावर छापतो आणि तिच्याखाली मजकुराच्या दोन-तीन ओळी गडप होतात. हिला काढायची युक्ती थोडी धाडसी वाटेल, पण निरुपद्रवी आहे. त्या पट्टीवर उजवं क्लिक करा, ‘इन्स्पेक्ट’ निवडा. बाजूला कोडची खिडकी उघडेल आणि तिच्यात एक ओळ रंगवलेली दिसेल. माउस त्या ओळीवरून वर-खाली फिरवला की पानावरचा तो तो भाग निळसर होतो. पूर्ण पट्टी निळसर होईल अशी ओळ सापडली की तिच्यावर एकदा क्लिक करून कीबोर्डवरचं डिलीट दाबा. पट्टी गेली! चुकून भलतंच उडालं तर कंट्रोल+झेड. हा बदल फक्त तुमच्या पडद्यापुरता असतो. पान रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत. याच रीतीने कडेच्या जाहिराती, ‘हेही वाचा’च्या चौकटी, सगळं साफ करता येतं. दोन-तीनदा केलं की हात बसतो.

एक सांगितलंच पाहिजे: पावती, निकाल, नोटीस अशा पानांवर ही कात्री चालवू नका. तिथे पान जसं आहे तसंच जपायचं असतं.

कात्री नको असेल तर वाचन-दृश्य आहे. फायरफॉक्समध्ये आणि एजमध्ये विंडोजवर एफ-९ दाबलं की फक्त शीर्षक, मजकूर आणि फोटो उरतात. त्याच अवस्थेत प्रिंट द्यायची. फायरफॉक्सच्या प्रिंटच्या खिडकीतही ‘ओरिजिनल’ आणि ‘सिम्प्लिफाइड’ असे दोन पर्याय लेखवजा पानांसाठी दिसतात. लेख, पाककृती, प्रवासवर्णन यांच्यासाठी मला हाच मार्ग सर्वांत आवडतो. तक्त्यांच्या आणि अर्जांच्या पानांवर मात्र हे दृश्य मिळतच नाही, किंवा मिळालं तरी अर्धी माहिती गाळून टाकतं.

आणि पानातला फक्त एक परिच्छेद किंवा एक तक्ता हवा असेल तर तेवढाच माउसने निवडा, मग कंट्रोल+पी. क्रोममध्ये ‘मोअर सेटिंग्ज’खाली ‘सिलेक्शन ओन्ली’ दिसेल, त्यावर टिक करा. ही सोय निवड केल्याशिवाय दिसतच नाही, म्हणून ती अनेकांना माहीत नाही.

काही पानांना मात्र यातलं काहीच लागत नाही. विकिपीडियाचं उदाहरण घ्या. पडद्यावर डावीकडे मेन्यू, प्रत्येक विभागापुढे ‘संपादन’, वर टॅब. प्रिंट दिली की हे सारं आपोआप गायब होतं आणि स्वच्छ लेख उरतो. पान बनवणाऱ्यांनी छपाईसाठी वेगळे नियम लिहून ठेवलेले असतात. म्हणून आधी एकदा प्रिंटची खिडकी उघडून पूर्वदृश्य पाहा. नीट दिसत असेल तर मशागतीत वेळ घालवू नका. तसंच पानावर कुठे ‘प्रिंट’ किंवा ‘डाउनलोड पीडीएफ’चं बटण आहे का, हेही आधी शोधा.

प्रिंटच्या खिडकीत

कागदाचा आकार आधी बघा. बऱ्याच संगणकांवर तो ‘लेटर’ असतो, कारण विंडोज टाकताना कोणीतरी प्रदेश अमेरिका ठेवलेला असतो. लेटर २१६ × २७९ मिलिमीटरचा, आपला ए-४ २१० × २९७ चा. पडद्यावर वाचायचं असेल तर काही बिघडत नाही, पण झेरॉक्सच्या दुकानात छापायला गेलात की कडा तरी कापल्या जातात किंवा अक्षरं आक्रसतात. ए-४ करून टाका.

तक्ता रुंद असेल तर ‘लेआउट’मध्ये ‘लँडस्केप’ करा. तरी उजवा रकाना कापला जात असेल तर ‘स्केल’ शंभरावरून ऐंशी, सत्तर असं उतरवत पूर्वदृश्य पाहत जा. साठच्या खाली गेलात तर छापल्यावर वाचायला भिंग लागेल. त्यापेक्षा कागद ए-३ निवडा. पीडीएफ पडद्यावरच वाचायची असेल तर ए-३ ला अडचण काय? कधी ‘लेआउट’चा पर्यायच दिसत नाही. त्या पानाने कागदाचा आकार स्वतःच ठरवून ठेवलेला असतो, आपल्या हातात काही नसतं.

तक्ता पानाच्या आतल्या एका छोट्या चौकटीत असेल आणि चौकटीला स्वतःची सरकपट्टी असेल, तर मात्र स्केलने काही होत नाही. छापताना चौकटीतला दिसणारा भागच येतो. अशा वेळी तक्ता निवडून, कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवणं आणि तिथून पीडीएफ करणं लवकर होतं.

‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ मुळात बंद असतं, शाई वाचावी म्हणून. पीडीएफला शाई लागत नाही, तरी बंदच ठेवलेलं बरं, कारण पांढऱ्यावर काळं सर्वांत वाचनीय. पण तक्त्यात रंगांना अर्थ असेल, जसं रिकाम्या जागा हिरव्या आणि भरलेल्या लाल, किंवा गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असतील, तर ते चालू करावंच लागतं. नाहीतर रंग उडतात आणि अर्थही.

‘हेडर्स अँड फूटर्स’बद्दल मत दोन प्रकारचं आहे. चालू ठेवलं तर प्रत्येक पानावर वर तारीख-वेळ आणि शीर्षक, खाली वेबपत्ता आणि पान क्रमांक येतो. वाचायला घेतलेल्या कथेवर ते खटकतं. पावती, जाहिरात, निविदा, निकाल, ऑनलाइन खरेदीची अट, असं पुढेमागे दाखवावं लागेल अशा प्रत्येक गोष्टीवर ते हवंच. कुठलं पान, कधी पाहिलं, हे फाइल स्वतःच सांगते.

मराठी मजकुराची मेख

इंग्रजी लेखांत हा भाग नसतो, म्हणून इथे जरा थांबतो. पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात छान, पण ती अक्षरं म्हणून साठवली आहेत की नुसते आकार म्हणून, हे डोळ्यांना कळत नाही. देवनागरीत लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ‘किल्ला’ शब्दात आधी क, मग पहिली वेलांटी साठवलेली असते, पण वेलांटी काढली जाते क च्या आधी. ‘वर्ष’मध्ये रफार ष च्या आधी साठवलेला असतो, पण दिसतो ष च्या डोक्यावर. फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमने आकार आणि मूळ अक्षरं यांची सांगड नीट लिहून ठेवली नाही, तर कॉपी करताना ‘वर्ष’चं ‘वषर्’ आणि ‘कार्य’चं ‘कायर्’ होतं. सरकारी पीडीएफमधून मजकूर उचलणाऱ्यांना हे शब्द चांगलेच ओळखीचे आहेत. मग फाइलमध्ये कंट्रोल+एफ करून ‘वर्ष’ शोधलं तर शून्य सापडतात, आणि शब्द डोळ्यांसमोर दिसत असतो.

चाचणी अशी: पीडीएफ झाली की तिच्यातली वेलांटी, रफार आणि जोडाक्षर असलेली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. बरोबर उमटली तर उत्तम. विस्कटली तर तेच पान दुसऱ्या ब्राउझरमधून, त्याच्या स्वतःच्या पीडीएफ सोयीने, पुन्हा साठवा. तरी जमलं नाही आणि मजकूर पुढे वापरायचा असेल, तर पीडीएफसोबत ते पान कंट्रोल+एस देऊन ‘वेबपेज, सिंगल फाइल’ म्हणूनही ठेवा. त्यात मूळ अक्षरं शाबूत राहतात. आधीच बनलेली विस्कटलेली पीडीएफ हाती आली असेल तर ती गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा. तो चित्रावरूनही मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतो. पण नंतर वाचून दुरुस्त करावंच लागतं, अंक तर डोळ्यांत तेल घालून.

युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या सामायिक अक्षर-संकेतांच्या, आधीची काही जुनी मराठी संकेतस्थळं अजूनही कुठे कुठे टिकून आहेत. त्यांचा मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असतो आणि कॉपी केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी मिळते. अशा पानाची पीडीएफ केली तर फॉन्ट फाइलमध्येच बांधला जातो, त्यामुळे वाचायला तरी ते कायम उरतं. पान नीट दिसतंय तोवर हे उरकून घ्या.

मोबाइलवर

अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१३ च्या किटकॅट आवृत्तीपासून आहे. क्रोममध्ये तीन ठिपके, ‘शेअर’, मग ‘प्रिंट’. वर प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा, खालच्या बाणाने कागद ए-४ करा, आणि पीडीएफचं गोल बटण दाबा. कुठे साठवायचं ते विचारेल. ‘डाउनलोड्स’मध्ये टाकाल तर सापडेल.

आयफोनवर सफारीत शेअरचं बटण दाबून ‘प्रिंट’ निवडा. पूर्वदृश्य आलं की ते दोन बोटांनी मोठं करा. ते लगेच पीडीएफ बनतं आणि तिथून पुन्हा शेअर करून ‘सेव्ह टू फाइल्स’. स्क्रीनशॉट काढून ‘फुल पेज’ निवडलं तरी पीडीएफ मिळते, पण ती एकच लांबलचक पट्टी असते. पडद्यावर ठीक, छापायला निरुपयोगी. मॅकवरच्या सफारीतलं ‘एक्सपोर्ट ॲज पीडीएफ’ही असंच अखंड पान देतं, पानं पाडून हवी असतील तर प्रिंटच्याच वाटेने जा.

मोबाइलवर पानाची मोबाइल आवृत्ती छापली जाते, हे लक्षात ठेवा. तक्ते नीट यायला हवे असतील तर आधी ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करा.

जिथे हा मार्ग वापरायचा नाही

डिजिटल स्वाक्षरी असलेली पीडीएफ पुन्हा प्रिंट करून पीडीएफ बनवू नका. सातबाऱ्याचंच बघा. महाभूलेखवर नुसता पाहण्यासाठी मिळणारा सातबारा हे वेबपेज आहे. माहितीपुरती त्याची पीडीएफ खुशाल करा. शुल्क भरून मिळतो तो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मात्र तयार पीडीएफ असते आणि स्वाक्षरी तिच्या आत गणिती रूपात गुंफलेली असते. ती ब्राउझरमध्ये उघडून पुन्हा ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ केली, की स्वाक्षरीची चौकट दिसते तशीच, पण आतली स्वाक्षरी नाहीशी होते. उरतं ते तिचं चित्र. अशा फाइलसाठी प्रिंट नाही, डाउनलोडचंच बटण दाबायचं, आणि मूळ फाइलला हात न लावता ठेवायचं. क्रोम स्वाक्षरी तपासत नाही. ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडली तर ती खरी आहे की नाही हे कळतं.

याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. ई-आधारची फाइल पासवर्डने बंद असते, आणि अर्ज भरण्याची काही पोर्टल्स अशी फाइल घेत नाहीत. पासवर्ड टाकून उघडा, प्रिंट देऊन पीडीएफ करा, नवी प्रत बिनपासवर्डची होते. काम झालं की ती प्रत पुसून टाका, आणि महा ई-सेवा केंद्राच्या संगणकावर असाल तर रिसायकल बिनसुद्धा रिकामा करा. भरलेला पीडीएफ अर्ज कोणी बदलू नये असं वाटत असेल, किंवा पन्नास पानांतली फक्त तिसरं आणि चौथं पान वेगळं काढायचं असेल, तेव्हाही हीच वाट.

‘वेबपत्ता द्या, आम्ही पीडीएफ करून देतो’ अशी संकेतस्थळं आहेत. लॉगिन करून दिसणारं पान त्यांना दिसूच शकत नाही. तुमचा ब्राउझर मात्र समोर जे उघडं आहे ते छापतो. बँकेचं स्टेटमेंट, दवाखान्याचा रिपोर्ट असं काही परक्या सर्व्हरवर चढवायचं कारणच नाही.

कोर्टकचेरीत दाखवायचं असेल तर नुसत्या पीडीएफने भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. आधीच्या कायद्यात हेच कलम ६५ ब होतं. तारीख आणि वेबपत्त्यासकट पीडीएफ करून ठेवा, शिवाय वेबपेजांच्या प्रती तारखेसह जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते सार्वजनिक पान नोंदवा, आणि पुढचं वकिलांना विचारा. स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी लेख साठवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वाव देतं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी अख्ख्या ई-पेपरची पीडीएफ टाकणं त्यात बसत नाही.

नाव, जागा, छपाई

फाइलचं नाव ब्राउझर पानाच्या शीर्षकावरून सुचवतो आणि ते बहुधा ‘होम’ किंवा ‘रिसीट’ असतं. ते बदला: आधी वर्ष-महिना-दिवस, मग काय आहे, मग कोणाचं. तारीख पुढे असली की यादी आपोआप क्रमाने लागते. विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून ‘७/१२’ असं लिहिता येणार नाही, ‘सातबारा’ लिहा. स्वतःच्या संगणकावर मराठी नावं बिनधास्त द्या, पण फाइल एखाद्या पोर्टलवर चढवायची असेल तर रोमन अक्षरं, अंक आणि मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ एवढंच वापरा. देवनागरी नाव पाहून काही पोर्टल्स कारण न देता फाइल नाकारतात.

फाइल जड झाली तर बहुधा फोटोंमुळे. वाचन-दृश्यातून नुसता मजकूर घ्या, किंवा ‘पेजेस’मध्ये हवी तेवढीच पानं लिहा, उदाहरणार्थ १-२. शेवटचं अर्धं पान नुसतं ‘संपर्क’ आणि ‘गोपनीयता धोरण’ असतं, ते असं सहज गळतं.

टॅब बंद करण्याआधी फाइल एकदा उघडा: पहिलं पान, शेवटचं पान, पावती क्रमांक, रक्कम. पैसे भरल्यानंतरचं पान बहुतेकदा पुन्हा उघडता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात छापायला देताना ‘ॲक्चुअल साइज’ने काढायला सांगा, त्यांच्याकडे ‘फिट’ ठेवलेलं असतं आणि बारकोड किंवा क्यूआर कोड लहान होऊन काउंटरवर वाचला जात नाही.